मेथीच्या वाफ्यावरची वहिवाट

ज्या गावाला समुद्र आणि वाडी ही दोन्ही सुखं एकदम मिळाली, त्या गावाला मांजरं वेगळी मागावी लागत नाहीत. आमच्या चिंचणीचं तसंच आहे. पश्चिमेला सुरूचं बन, त्यापलीकडे लांबच लांब किनारा. पूर्वेला वाणगावकडे जाणारा रस्ता आणि आजूबाजूला वाड्या. सकाळी मासळी दारात येते, संध्याकाळी परसातली भाजी ताटात येते आणि या दोन वेळांच्या मधला सगळा काळ मांजरांचा असतो.

बाहेरच्या जगात डहाणू तालुका ओळखला जातो तो चिकूमुळे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चिकूचा आणि मांजराचा काही तंटा नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची ओळख पटवणारं एक जनुक मार्जारवंशात केव्हाच निकामी होऊन बसलं आहे, हे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सांगितलं. मांजर सबंध बागेतून चालत जाईल, झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळावरून उडी मारेल, पण मान वळवून बघणार नाही. त्यामुळे चिकूच्या बागायतदारांना मांजर हा मोठा सोज्वळ प्राणी वाटतो. त्याचं बाकीचं चरित्र ठाऊक असतं ते परसात दोन वाफे मेथी लावणाऱ्याला.

दसरा झाला, पाऊस सरला की आमच्याकडे घरोघर वाफे होतात. पावसाने घट्ट बसलेली जमीन कुदळीने उकरायची, ढेकळं फोडायची, शेणखत मिसळायचं, हाताने सारखी करायची. वाफा तयार झाला की माणूस जरा लांब उभा राहून त्याच्याकडे बघतो. बी अजून पडलेलं नसतं, पण त्याच्या डोळ्यांपुढे जुड्या बांधून झालेल्या असतात. त्याच वेळी बावखळाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, कठड्यावर बसलेली मांजरीही त्याच वाफ्याकडे बघत असते. तिच्याही डोळ्यांपुढे काहीतरी असतं.

पुढचं सगळं तिच्या सवडीने होतं. पहाटे, उजाडायच्या जरा आधी, ती वाफ्याच्या कडेने एक फेरी घालते. नाक जमिनीला लावून दोन-तीन जागा हुंगते आणि नापसंत करते. फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईकही इतकं चोखंदळ नसतं. मग मधोमध, जिथे माती सगळ्यात भुसभुशीत आहे अशा ठिकाणी, पुढच्या पंजाने उकरायला लागते. उकरणं झालं की त्यावर बसते आणि नजर दूर क्षितिजावर लावते. त्या दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर जे वैराग्य येतं, ते पाहून हाक मारायचं धाडस होत नाही. कार्य उरकल्यावर ती वळते, वास घेते, आणि चारी बाजूंनी माती ओढून त्यावर पसरते. समाधान झालं नाही तर पुन्हा वास, पुन्हा माती. वाफ्यात पेरलेली मेथी चार-पाच दिवसांनी उगवते ती या माती ओढण्याच्या हिशेबाने उगवते. बाकी वाफा टक्कल पडल्यागत मोकळा आणि एका कोपऱ्यात कोंबांची ही गर्दी.

हे ती का करते, याचं उत्तर तिच्या माहेरी आहे. आपलं पाळीव मांजर ज्या रानमांजरापासून आलं, ते उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं. कोरडी, सैल, वाळूमिश्रित जमीन त्याच्या अंगवळणी पडलेली, आणि स्वतःचा वास झाकून टाकायची सवय त्याच्या रक्तात. तिकडे माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले, उंदरांवर मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. म्हणजे आपल्या आणि त्याच्या सोबतीला इतकी वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत सैल केलेल्या मातीचा त्याने लावलेला अर्थ काही बदललेला नाही. आपण म्हणतो वाफा; ते म्हणतं सोय.

मग प्रश्न येतो की वाळूच हवी तर समुद्रावर का जात नाही? अख्खा किनारा पडला आहे. हा प्रश्न आमच्या गल्लीत पुष्कळांनी पुष्कळदा विचारला आहे, बहुतेक वेळा थेट मांजरीलाच. पण किनाऱ्यावर कुत्र्यांचं राज्य. शिवाय वेळ आली की कोणीही घराजवळचीच जागा बघतो. एवढं चालत जायला मांजर म्हणजे काही सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर नव्हे.

आता मांजर वाडीत येतं ते काही केवळ मातीसाठी येत नाही. त्याला रीतसर आमंत्रणं जातात, आणि ती आपल्याच घरातून जातात. चिंचणीतला कुठलाही मांजरविरोधी माणूस घ्या आणि त्याच्या परसात जाऊन बघा. मासळीवाली मावशी पाटी उतरवते. बोंबील, मांदेली, कोलंबी, काय असेल ते घेतलं जातं. ते साफ होतं मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी. आणि मासे धुतलेलं पाणी? ते मोरीत ओतणारी बाई आमच्याकडे उधळी समजली जाते. ते पाणी जातं कढीपत्त्याच्या बुंध्याशी, नाहीतर मिरचीला, नाहीतर वांग्याला. कढीपत्त्याला मासळीचं पाणी मानवतं ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मासळीत नत्र असतं, स्फुरद असतं. कोलंबीची सालं आणि माशांची डोकी आळ्यात पुरणारेही आहेत. झाड तरारतं, पानं काळीभोर होतात. तेवढ्यात पलीकडच्या आळीपर्यंत सुवास पोचलेला असतो.

माझ्या आईचा यावर एक ठाम सिद्धान्त होता. ती म्हणायची, मांजराला हाकलायचं असेल तर आधी आपण शाकाहारी व्हावं. हे ती बोंबलाची डोकी कढीपत्त्याच्या आळ्यात दाबता दाबता म्हणायची. सिद्धान्त आणि आचरण यांत एवढं अंतर ठेवूनही माणूस आयुष्यभर सुखी राहू शकतो, हे मी घरीच पाहिलं.

दुसरं आमंत्रण त्याहून गमतीचं आहे. आमच्या वाड्यांतून खोकली नावाचं एक तण फार उगवतं. गुडघाभर उंची, दातेरी पानं, पानांच्या बेचक्यात हिरवट कणसासारखे तुरे. औषधी म्हणून ओळखतात, पण वाफ्यात आलं की तणच. निंदणीला बसलं की ते मुळासकट उपटायचं आणि बांधावर टाकायचं. या खोकलीच्या मुळाचा वास मांजरांना वेड लावतो. विलायतेत मांजरांना झिंग आणणाऱ्या एका वनस्पतीचा मोठा बोलबाला आहे, तिची वाळलेली पानं भरून उंदराच्या आकाराची खेळणी करून विकतात. इथे तो माल बांधावर फुकट पडलेला असतो. उपटलेल्या खोकलीवर बोका येतो, मुळं हुंगतो, चाटतो, गाल घासतो आणि मग पाठीवर पडून असा काही लोळतो की त्याची वयात आलेली मुलं बघत असतील तर त्यांना मान खाली घालावी लागेल. म्हणजे आपण भर उन्हात कंबर मोडून तण काढायचं, वाफा स्वच्छ करायचा आणि बोक्यासाठी बांधावर बैठक मांडायची. निंदलेलं तण लगेच उचलून दूर नेऊन टाकलं तर निम्मा त्रास कमी होतो. पण निंदणी झाल्यावर आधी चहा लागतो.

या प्राण्यापासून वस्तू राखण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. शिंकं हा त्यातला अव्वल शोध. दूध, दही, लोणी उंचावर टांगून ठेवायचं. खाली मांजराने कितीही विचार करावा. ते कधीतरी तुटणारच आणि कुणाचं तरी साधणारच, हेही म्हणीत नोंदवून ठेवलेलं, म्हणजे शोधाबरोबर त्याची मर्यादाही सांगून टाकली. वाफा मात्र शिंक्यावर टांगता येत नाही. अलीकडे शहरातले लोक कुंड्या टांगतात, ते त्याच जातीचं म्हणायचं.

आणि मारायचं तर नाव काढू नये. मांजर मेलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, असं आमच्या लहानपणी सगळ्या घरांतून सांगत. सोन्याचा आजचा भाव पाहता या एका समजुतीने जेवढी मांजरं वाचवली असतील, तेवढी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानेही वाचवली नसतील. शिवाय षष्ठीचं, म्हणजे आपल्या सटवाईचं, वाहन मांजर. ती देवी बाळाच्या कपाळावर भविष्य लिहिते. तिच्या वाहनाला दगड मारून आपल्या नातवंडाच्या कपाळावर काय उमटवून घ्यायचं, याचा विचार हात उचलण्याआधीच मनात येतो.

मग उरतात उपाय. मेथी उगवायच्या आत ते सुचवणारे उगवतात. यांतले पहिले बाटलीवाले. लाल किंवा निळं पाणी भरलेली बाटली दाराशी ठेवायची, की कुत्रं येत नाही. ही पद्धत महाराष्ट्रभर गल्लोगल्ली दिसते. तीच मांजरासाठीही चालते असं म्हणतात. जपानातही मांजरं येऊ नयेत म्हणून घराबाहेर पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडतात, तेव्हा हा भाबडेपणा आपल्यापुरता नाही, एवढं समाधान मानावं. मांजराला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने ती मळक्या पाण्याची बाटली. आमच्या शेजारच्या परसात कुंकवाच्या पाण्याच्या चार बाटल्या चार कोपऱ्यांत होत्या. मांजरी उन्हाच्या वेळी त्यांतल्या एकीच्या सावलीत डोकं ठेवून झोपायची.

दुसरे मसालेवाले. हे लाल तिखट पसरायला सांगतात. तिखट पंजाला लागतं, पंजा चाटला की तोंडाला, चेहरा पुसला की डोळ्यांना. हे करू नये. ज्यांनी उन्हाळ्यात मिरच्या कुटल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. डांबराच्या गोळ्या टाकणारे त्याहून वाईट. त्या मांजराला विषारी, आणि ज्या मातीत आपण खायची भाजी लावली आहे तिथे हे का टाकायचं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं. संत्र्या-मोसंबीची सालं हा निरुपद्रवी उपाय आहे. मांजराला लिंबूवर्गाचा वास आवडत नाही हे खरं, पण साल वाळली की वास गेला. रोज ताजी साल टाकायची तर मेथीची जुडी संत्र्याच्या भावात पडते.

मग वनस्पतीवाले. युरोपात एक उग्र वासाचं झाड खास मांजरं पळवण्यासाठी रोपवाटिकांतून विकतात. ते ज्या कुळातलं, त्याच कुळातला आपला पानओवा. हे कळल्यावर मी वाफ्याच्या कडेने पानओव्याच्या फांद्या खोचल्या. पानओवा फार छान लागला. त्याची भजी उत्तम झाली. मांजरी त्याच्या गार ओळीत पोट टेकून बसू लागली. वाफ्यात जायच्या आधी तिला विसाव्याला जागा झाली.

ज्याला खरं यश येतं ते इथे आधीपासूनच हाताशी आहे, आणि तेही समुद्रानेच दिलेलं. एक म्हणजे जुनं जाळं. आमच्या पट्ट्यात मासेमारीतून बाद झालेलं जाळं कधीही मरत नाही. ते कोंबड्यांच्या खुराड्यावर येतं, दुधीच्या मांडवावर चढतं, कुंपणाच्या भगदाडात बसतं. तेच वाफ्यावर, जमिनीपासून वीतभर वर, चार खुंट्यांना ताणून बांधलं की मांजराला उकरता येत नाही. पाय जाळ्यात जातो, ते त्याला अजिबात खपत नाही. दोनदा पाय झटकून, जणू आपल्याला इथे यायचंच नव्हतं अशा चेहऱ्याने ते निघून जातं. मेथी जाळ्यातून वर येते. फक्त जाळं सैल सोडू नये. सैल नायलॉनमध्ये धामण अडकते, आणि मग संध्याकाळी सर्पमित्राला फोन, गल्ली गोळा, कात्रीने एकेक धागा कापायचा, असा सगळा सोहळा होतो. धामण उंदीर खाणारी. तिला दुखवून वाडीचं भलं होत नाही.

दुसरी वस्तू सुरूची बोंडं. किनाऱ्यावरच्या बनात त्यांचा खच असतो. बोटाच्या पेराएवढं, काळपट तपकिरी, बाहेरून सगळीकडे बारीक चोची उघडलेलं फळ. अनवाणी पाय पडला तर माणूस समुद्राकडे जायचं विसरून एका पायावर उभा राहतो. पिशवीभर बोंडं आणून बी पेरलेल्या ओळींच्या मध्ये पसरली की मांजराच्या मऊ तळव्यांना ती आवडत नाहीत. रोपं वीतभर झाली, माती झाकली गेली, की बोंडं वेचून पुढच्या वाफ्यात. मांजराला मोकळी, कोरडी, सैल माती हवी असते; यातलं एक जरी नसलं तरी ते नाक मुरडतं. म्हणून पेरल्यावर वाफा ओला ठेवावा, कोरडा पडू देऊ नये. पालापाचोळा अंथरावा. लाल माठ दाट लावला तर तिथे मांजर सहसा फिरकत नाही. कोथिंबीर आणि मेथी, जिथे उगवेपर्यंत माती उघडी राहते, तीच खरी नाजूक जागा.

हे सगळं करायचं कारण केवळ मेथीची ओळ सरळ यावी एवढंच नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिने वाफ्यातली माती हाताळू नये, नाहीतर हातमोजे घालावेत, आणि पालेभाजी सगळ्यांनीच दोन-तीन पाण्यांतून धुवावी. यात भिण्यासारखं काही नाही. वाळूमुळे मेथी तशीही तीन पाण्यांतून काढतोच.

आमच्या शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र चालू आहे, देशातलं पहिलं. तिथल्या कुंपणांची, पहाऱ्यांची आणि तपासण्यांची कीर्ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अणूच्या पोटातली शक्ती आवरून धरणारी माणसं चिंचणीतही राहून गेली आहेत. त्यांच्यापैकी एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या टोमॅटोच्या वाफ्याभोवती फार विचारपूर्वक जाळी उभारली. उंची, कोन, फटींचं माप, सगळं कागदावर काढून. मांजर शेजारच्या कौलांवरून आत उतरलं. बाहेर कसं पडायचं हे त्याला न कळल्यामुळे ते रात्रभर आतच राहिलं, आणि त्या रात्रीत टोमॅटोच्या वाफ्यात जेवढं काम झालं तेवढं एरवी आठवड्यात झालं नसतं. गृहस्थ समंजस. सकाळी त्यांनी जाळीला एक दार केलं.

दाराची कल्पना या मुलखाला नवी नाही. इथून आत, डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे आहेत. बिबट्याच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही माणसं. त्यांच्याकडे वाघोबा हा देव आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, आपण ज्याला वसुबारस म्हणतो, तिकडे वाघबारस असते आणि वाघोबाला त्याचा मान दिला जातो. तू तुझ्या रानात राहा, आमच्या गुराढोरांना सांभाळ, तुझं तुला मिळेल. ज्या जनावराला हाकलता येत नाही, त्याचा हिस्सा ठरवून टाकायचा. बिबट्याशी जे जमतं ते त्याच्या मावशीशी जमायला काय हरकत आहे, असा विचार मांजरीकडे बघताना मनात आला. आणि मांजराशी आमचा करार काही काल-परवाचा नसणार. या चिंचणीच्या जमिनीत राष्ट्रकूटांच्या काळचे ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या राज्यातला. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार मधुमती सुगतिप नावाचा एक अरब मांडलिक बघत होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र काढलं, तिथे साळीचा भात, कालवणं आणि तूप मिळायचं. राजा, मांडलिक, मठ, गावांच्या सीमा, सगळं ताम्रपटात आलं. जिथे फुकट भात-तूप वाढलं जात होतं तिथे पंगतीच्या कडेला कोण बसलं असेल, ते लिहायला पत्रा पुरला नसावा.

आमच्या गल्लीतली मांजरी कोणाची, हाही कराराच्या दृष्टीने मुद्दा होता. ती तीन घरी जेवते. एका घरी तिचं नाव मनी, दुसऱ्या घरी चिंगी, तिसरीकडे नुसतंच ‘ए’. वाफा उकरलेला दाखवला की तिन्ही घरं सांगतात, आमची नाही हो, ती नुसती येते. गेल्या पावसाळ्यात तिने कणगीखालून एक मोठा उंदीर काढला, तेव्हा मात्र तिन्ही घरं ती लहानपणापासून आपल्याकडेच वाढली असं सांगत होती. मालकी सिद्ध होत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, पण वहिवाट पक्की. आपल्या १८८२ च्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्याचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळतो. एक मांजर इतकी वर्षं जगणं अवघड. पण आई, मुलगी, नात अशी धरली तर आमच्या कढीपत्त्यापासून बावखळापर्यंतची वाट तिच्या घराण्याची केव्हाच झाली आहे. तलाठ्याने पंचनाम्याला येऊन ओल्या मातीवरचे ठसे पाहिले असते तरी हेच लिहिलं असतं.

तेव्हा वाडीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, केळीच्या मागे, जिथे काही लावता येत नाही अशा सावलीच्या जागी, फुटक्या प्लास्टिकच्या घमेल्यात बारीक वाळू भरून ठेवली. समुद्रावरून वाळू उचलायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. किनारा आधीच खचतो आहे. पण गल्लीत कुठे ना कुठे घराचं काम चालू असतंच, आणि चाळून उरलेली वाळू कोणी नको म्हणत नाही. वर छप्पर म्हणून झावळी तिरकी टाकली, म्हणजे दवाने भिजू नये. वाफ्यावर जाळं, ओळींत बोंडं, आणि इकडे ही मोकळी कोरडी वाळू. मांजरीने आधी घमेल्याभोवती फेरी घातली, आत शिरली, बाहेर आली, झावळीला गाल घासला. दुसऱ्या दिवशी वाळूत व्यवस्थित झाकलेली खूण होती. ते झाकणंही किती नेटकं! वाफ्यात तिला घाई असायची, इथे सवडीने हात फिरवलेला दिसत होता. तेवढं रोज खुरप्याने उचलून केळीपासून लांब खड्ड्यात पुरलं की झालं. भाजीच्या खतात ते जाऊ द्यायचं नाही.

मेथी यंदा ओळीत उगवली. कढीपत्त्याला मासळीचं पाणी चालूच आहे, ते थांबवण्याचा विषयच आमच्या घरात निघू शकत नाही.

अडचण झाली ती वेगळीच. घमेल्याची बातमी मांजरांत फुटली. पलीकडच्या आळीचा कान फाटलेला बोका येऊ लागला, मग शाळेकडची पांढरी, मग एक करडी, जिला गल्लीत कोणी पाहिलेलं नव्हतं. पहाटे झावळीपाशी एक आत, दोघं बाहेर थांबलेली. एकमेकांकडे न बघता, अंतर राखून.

शेजारच्या काकूंनी हे कुंपणावरून पाहिलं. त्यांच्याकडे नुकताच मुळा पेरला होता.

“भाऊ, ती वाळू कुठून आणली?” त्यांनी विचारलं. “थोडी आम्हालाही द्या ना. आमच्या मांजरीसाठी नाही हं, ती तर आमची नाहीच. तुमच्याकडे नंबर लागत नाही म्हणून ही सगळी आमच्या मुळ्यात येतात.”